औषध लागू पडेनासं झालं? आधी ब्लॉक शोधा. कॅन्सरचा मॉलिक्युलर रिपोर्ट घरच्यांनी कसा वाचायचा

परवा रामबागेतल्या एका काकांचा फोन आला. त्यांच्या सुनेला लंग कॅन्सर आहे, वर्षभर गोळी छान लागू पडली होती, खोकला गेला, वजन वाढलं, आणि आता सीटी स्कॅनमध्ये गाठ परत वाढलेली दिसतेय. डॉक्टर म्हणाले, दवा बदलनी पड़ेगी. आणि काका मला विचारत होते, गोळ्या नकली होत्या का गं, की आमच्याकडूनच पथ्यात काही चुकलं? हा प्रश्न मला इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलाय की आता सगळं एकदाच नीट लिहून काढते.

मी इथे इंदूरलाच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिस्टोच्या बेंचवर 19 वर्षं काम केलंय. बायोप्सीचा तुकडा आला की त्याचा ब्लॉक करायचा, म्हणजे मेणात बसवायचा, कापायचा, स्लाइड रंगवायची आणि डॉक्टरांपुढे ठेवायची. त्यात 2018 ला माझ्या सख्ख्या मावशीलाच लंग कॅन्सर निघाला, तिने आयुष्यात सिगरेट काय तंबाखूची मशेरीही लावलेली नव्हती, आणि मग फाइल मांडीवर घेऊन ओपीडीच्या बाहेर बसणं म्हणजे काय तेही कळलं. मी डॉक्टर नाही, कुठली गोळी घ्या हे मी सांगणार नाही. रिपोर्टात काय लिहिलंय ते कसं बघायचं आणि डॉक्टरांना काय विचारायचं एवढं मात्र नक्की सांगू शकते.

बाकी सगळं विसरलात तरी एक लक्षात ठेवा. औषध लागू पडेनासं झालं तर नवीन औषध सुरू करायच्या आधी गाठीची परत तपासणी करता येईल का हे विचारायचं, आणि पहिल्या बायोप्सीचा ब्लॉक कुठे आहे हे आजच शोधून ठेवायचं. कारण वर्षभर औषध खाल्ल्यावर जी गाठ वाढतेय ती बहुतेक वेळा पहिल्या रिपोर्टातली गाठ राहिलेली नसते.

ब्लॉक म्हणजे नेमकं काय

सुईने काढलेली बायोप्सी बघितलीय का कधी? शेवईच्या तुकड्याएवढी असते, एक-दीड सेंटीमीटर लांब आणि जाडी जेमतेम एक मिलिमीटर. फॉर्मॅलिनच्या डबीत आमच्याकडे येते, ती छोट्या प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये ठेवायची, मशिनमध्ये रात्रभरात तिच्यातलं पाणी निघून मेण भरतं, आणि सकाळी वितळलेल्या मेणात ती आडवी बसवून थंड केली की आगपेटीपेक्षा लहान अशी पांढरी वडी तयार होते. हाच ब्लॉक. तो मायक्रोटोमवर लावून चाक फिरवलं की पात्यावरून 3-4 मायक्रॉन जाडीचे काप एकमेकांना चिकटून रिबनसारखे उतरतात, ती रिबन ब्रशने अलगद उचलून कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या जातात, पसरते, आणि मग पाण्याखालून स्लाइड घालून वर उचलून घ्यायची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका केसाच्या जाडीत आमचे वीसेक काप बसतात. पण तुकडाच मुळात एवढासा आणि ब्लॉक प्रत्येक वेळी मशिनवर नव्याने लावला की पातळी सरळ करण्यातच काही काप वाया जातात, तीन वेगवेगळ्या दिवशी तीन टेस्ट मागितल्या तर तीनदा वाया जातात. मी स्वतःच्या हाताने असे ब्लॉक कापलेत ज्यात शेवटी नुसतं मेण उरलं होतं आणि टेस्ट मागणीच्या फॉर्मवर अजून एक टेस्ट बाकी होती.

म्हणून बायोप्सी होतानाच डॉक्टरांना सांगा की मॉलिक्युलर टेस्ट (गाठीच्या जीनमधले बदल बघणारी) लागू शकते, टिश्यू राखून ठेवायला लॅबला लिहून द्या. एवढी एक ओळ फॉर्मवर असली की बेंचवरचा माणूस जपून कापतो, पुढच्या टेस्टचे कोरे काप एकाच वेळी काढून ठेवतो. बायोप्सी हाडातून घेतली असेल तर अजून एक, हाड मऊ करायला ॲसिड वापरतात आणि त्या ॲसिडने डीएनएचं नुकसान होतं, नंतर टेस्टच लागत नाही. त्यामुळे हाड सोडून दुसरीकडून तुकडा मिळत असेल तर बरं, नसेल तर लॅबला आधी कळवायचं, ॲसिडऐवजी ईडीटीए वापरता येतं, वेळ जास्त लागतो पण डीएनए वाचतो.

मावशीच्या वेळी 14 महिन्यांनी आम्ही ब्लॉक मागायला गेलो तर त्या हॉस्पिटलात तो नव्हताच. आयएचसीसाठी (कापातली प्रोटीन रंगवून बघायची टेस्ट) बाहेरच्या लॅबला पाठवलेला, तिथून परत आलाच नाही आणि कोणी पावतीही ठेवली नव्हती. शोधण्यात 11 दिवस गेले. मावशी रोज विचारायची, "अगं, सापडला का गं माझा तुकडा?" आणि मी या धंद्यातली असून माझ्याकडे उत्तर नसायचं. ते अकरा दिवस मी विसरलेले नाही, म्हणून ज्याला त्याला हेच सांगत सुटते.

ब्लॉक मागायला साधा अर्ज लागतो. बायोप्सी रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात बायोप्सी नंबर असतो, पुढे वर्ष, तो नंबर आणि पेशंटचं आयडी घेऊन जायचं, रजिस्टरवर सही करून ब्लॉक आणि रंगवलेल्या स्लाइडी दोन्ही घ्यायच्या, आणि दिलेल्या ब्लॉकवर तोच नंबर आहे ना हे तिथेच उभं राहून बघायचं. आता उन्हाळ्याची गोष्ट. हे मेण 56 ते 60 डिग्रीला वितळतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढी गरमी सहज होते. तेव्हा ब्लॉक गाडीत ठेवून राजवाड्यावर खरेदीला जायचं नाही. मावशीचा ब्लॉक मी अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला नेला तेव्हा रात्रभर पर्समध्ये, पर्स उशाखाली.

गाठ होते तरी कशी

आपल्या घरांत हे सांगायला सोपं आहे, कारण नर्मदेचे नळ दिवसाआड येतात आणि मोटर लावणं, टाकी भरली की बंद करणं पोराटोरांनाही माहीत असतं. पेशीचंही तसंच समजा. ईजीएफआर नावाचं प्रोटीन पेशीच्या भिंतीत आरपार उभं असतं, अर्धं बाहेर, अर्धं आत. बाहेरून वाढीचा निरोप येऊन चिकटला की आतलं बटण चालू होतं आणि पेशीच्या केंद्रापर्यंत सांगावा जातो की आता विभाग, एकाच्या दोन हो. निरोप सुटला की बटण बंद. आता या प्रोटीनची कृती ज्या जीनमध्ये लिहिलीय त्यातली काही अक्षरं पुसली गेली, एक्सॉन 19 या जीनच्या भागामध्ये बहुतेक वेळा 15 अक्षरं उडतात, किंवा एक्सॉन 21 मध्ये प्रोटीनच्या 858 व्या जागी ल्यूसीन या अमिनो ॲसिडऐवजी आर्जिनीन येतं, की बटण आत दाबलेलंच अडकतं. बाहेरून कोणी निरोप देत नाही तरी मोटर चालूच. रिपोर्टात "एक्सॉन 19 डिलीशन" किंवा "एल858आर" असं दिसलं तर ते हेच. ईजीएफआरच्या म्युटेशनवाल्या (म्हणजे जीनमध्ये असा बदल झालेल्या) पेशंटांपैकी दहातल्या साडेआठ-नऊ जणांत या दोनपैकी एक असतं.

पण एक बटण अडकल्याने लगेच कॅन्सर होत नाही. मोटरीला ऑटो कट असतो ना, तसं पेशीत पी53 नावाचं प्रोटीन आहे, डीएनएत बिघाड दिसला की पेशीची विभागणी थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती जमतच नसेल तर पेशीला मरायला लावतं. सगळ्या प्रकारचे कॅन्सर धरले तर जवळजवळ निम्म्यांत हा ऑटो कटच खराब झालेला सापडतो. म्हणजे बटण अडकलंय, ऑटो कट गेलाय, वर दुरुस्ती करणारी माणसंही रजेवर, असे अनेक बिघाड एकाच पेशीच्या वंशात वर्षानुवर्षं साठत जातात तेव्हा गाठ होते. प्रत्येक विभागणीत सुमारे 600 कोटी अक्षरांची नक्कल करायची असते, तंबाखू-धुराने चुका वाढतात, पण काही चुका नुसत्या नक्कल करतानाही होतात. मावशी सारखी म्हणायची की मी कोणाचं काय वाईट केलं होतं. तिला मी हे किती वेळा सांगितलं असेल, तू काही केलं नव्हतंस मावशी, नक्कल करताना अक्षर चुकलं.

मग गोळी काय करते? गेफिटिनिब, एर्लोटिनिब या गोळ्या त्या प्रोटीनच्या आतल्या खोबणीत जाऊन बसतात. तिथे एटीपी म्हणजे बटणाला लागणारी वीज येऊन बसत असते, तिची जागाच अडवली की मोटर बंद. म्हणून या गोळ्यांनी काही जणांना आठवड्या-दोन आठवड्यांत श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. मावशी तिसऱ्या आठवड्यात जिना चढून गच्चीवर गेली होती, पापड वाळत घातलेले ते बघायला.

मग गोळी लागू पडेनाशी का होते

आपल्या माळव्यात सोयाबीनच्या शेतात तणनाशक मारतात. आठ दिवसांत सगळं गवत पिवळं पडतं, पण नीट वाकून बघितलं तर दोन-चार काड्या हिरव्याच असतात. औषधात खोट नसते, त्या काड्या मुळातच वेगळ्या असतात, आणि बाकीचं गवत मेल्यामुळे त्यांना ऊन-पाणी सगळं मिळतं. पुढच्या वर्षी शेतभर तेच. एक सेंटीमीटरची गाठ म्हणजे दहा कोटी ते शंभर कोटी पेशी, इतक्यांत दोन-चार वेगळ्या निघणारच. काही आधीपासून असतात, काही औषधाच्या माऱ्यात न मरता नुसत्या निपचित पडून राहतात आणि त्या काळात त्यांच्यात नवीन बदल होतो. म्हणजे काकांच्या सुनेची गोळी नकली नव्हती. गोळीने तिचं काम चोख केलं, म्हणूनच आता उरलेत ते गोळीला न जुमानणारे.

पण थांबा, खरा रेझिस्टन्स, म्हणजे गाठच औषधाला दाद देत नाही, असं म्हणायच्या आधी एक साधी गोष्ट तपासायची आणि ही फार वेळा राहून जाते. गोळी पोटातून रक्तात पोचतेय का? गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब विरघळायला पोटात ॲसिड लागतं. आपल्याकडे प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर सकाळची गॅसची गोळी असतेच, पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, ती कोणी लिहिली कोणाला आठवत नाही आणि पेशंट वर्षभर खात असतो, त्याने कॅन्सरची गोळी कमी शोषली जाते. दुसरं टीबीचं औषध. लंग कॅन्सरला आधी टीबी समजून महिनोन् महिने टीबीचे डोस देणं इथे खूप होतं, मावशीलाही चार महिने दिले होते, आणि त्यातलं रिफाम्पिसिन लिव्हरला असं कामाला लावतं की गेफिटिनिब रक्तात टिकतच नाही. झटक्यांवरची फेनिटॉइन गोळीही तसंच करते. एर्लोटिनिब चालू असताना कोणी बिडी-सिगरेट ओढत असेल तर त्यानेही औषध रक्तात कमी होतं. तेव्हा घरातली सगळी औषधं, गॅसची, बीपीची, वैद्यांचा काढा, कोणी दिलेली पुडी, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. लपवू नका. ऑसिमर्टिनिब या नव्या गोळीला गॅसच्या गोळीचा असा त्रास नाही, रिफाम्पिसिनचा मात्र आहे. आणि स्वतःच्या मनाने कुठलीच गोळी एकदम बंद करायची नाही, कॅन्सरची तर अजिबात नाही, ती अचानक सोडली तर काही पेशंटांत आजार झपाट्याने उसळतो.

हे सगळं ठीक असूनही गाठ वाढतेय, तर मग गाठीने रस्ता शोधलाय. कुठला रस्ता ते महत्त्वाचं, कारण पुढचं औषध त्यावर ठरतं.

गेफिटिनिब-एर्लोटिनिबवर निम्म्याहून जास्त जणांत सापडतं ते टी790एम. 790 व्या जागी थ्रिओनीन असतं, ते जाऊन तिथे मोठ्या आकाराचं मेथिओनीन येतं. ही जागा बरोबर त्या खोबणीच्या तोंडाशी आहे, आणि बदल झाल्यावर खोबणीला एटीपीची ओढ इतकी वाढते की गोळी मागे पडते. याच्यासाठी ऑसिमर्टिनिब केलं, अमेरिकेत 2015 ला मंजूर झालं. ते जवळच्याच 797 व्या जागेवरच्या सिस्टीनला कायमचं जोडलं जातं, नुसतं बसत नाही, चिकटून राहतं. 2017 ला आलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये टी790एमवाल्या निम्म्या पेशंटांत याने आजार 10.1 महिने किंवा जास्त आटोक्यात राहिला, किमोने 4.4 महिने. म्हणजे हे एक अक्षर सापडणं-न सापडणं यात किती फरक पडतो बघा, आणि ते सापडायला तुकडा लागतो, आणि तुकड्यासाठी कोणीतरी मागे लागावं लागतं.

पुढे गाठ त्या सिस्टीनच्या जागीच सेरीन आणते, रिपोर्टात सी797एस, मग ऑसिमर्टिनिबला चिकटायला जागाच उरत नाही. आजकाल बरेच डॉक्टर सुरुवातच ऑसिमर्टिनिबने करतात कारण 2018 च्या ट्रायलमध्ये ते पहिल्यापासून दिलं तर आजार 18.9 महिने आटोक्यात आणि जुन्या गोळ्यांनी 10.2 असा फरक दिसला, आणि ते मेंदूतही बरं पोचतं. अशा पेशंटात नंतर टी790एम शोधण्यात अर्थ नसतो, तिथे सी797एस आणि दुसरे रस्ते बघायचे.

दुसरा रस्ता म्हणजे शेजारच्या लाइनवरून वीज ओढणं. आपली मोटर बंद पाडली तर गाठ एमईटी नावाच्या दुसऱ्या जीनच्या भरमसाट प्रती करते आणि त्या मार्गाने तोच निरोप आत पोचवते. रिपोर्टात "एमईटी ॲम्प्लिफिकेशन" दिसेल, फिश (जीनच्या प्रती चमकत्या रंगाने मोजायची टेस्ट) किंवा एनजीएसने (एकदम अनेक जीन वाचायची टेस्ट) कळतं. इथे ईजीएफआरचं बटण अजून बंदच असतं, म्हणून जुनी गोळी चालू ठेवून एमईटीचं औषध जोडायचा विचार डॉक्टर करू शकतात.

तिसरा प्रकार थोड्या जणांत होतो पण मी तो स्लाइडवर स्वतः बघितलाय, आणि बघून अंगावर काटा आला होता. पहिल्या बायोप्सीत ग्रंथींसारखे गोल गोल आकार, आणि त्याच पेशंटच्या दुसऱ्या बायोप्सीत नुसत्या छोट्या काळपट निळ्या पेशींची दाटी. ॲडेनोकार्सिनोमाचा, म्हणजे ग्रंथींसारख्या कॅन्सरचा, स्मॉल सेल हा वेगळाच प्रकार झालेला. आतलं म्युटेशन तेच, एक्सॉन 19, पण पेशीने जातच बदलली आणि आता तिला त्या बटणाची गरजच राहिली नाही. याला स्मॉल सेलची किमो लागते, आणि हा बदल रक्ताच्या टेस्टने नीट कळत नाही, तुकडाच लागतो. परत बायोप्सी करा म्हणून मी एवढी मागे लागते त्याचं हे एक मोठं कारण.

शिवाय पेशीच्या भिंतीतले पंप असतात, आत आलेलं औषध उचलून बाहेर टाकतात, पी-ग्लायकोप्रोटीन हा त्यातला ओळखीचा, 1976 ला सापडलेला. किमोच्या बाबतीत हा जास्त ऐकाल, रिपोर्टात सहसा नसतो, तेव्हा त्यावर डोकं लावू नका. आणि आजार फक्त मेंदूत वाढला, छातीत शांत आहे, असं असेल तर कदाचित गाठ बदललीच नाही, औषध तिथपर्यंत पुरेसं पोचलं नाही. एका-दोन जागीच वाढलं असेल तर तेवढ्यालाच रेडिएशन देऊन गोळी तीच ठेवता येते का हे विचारायचं.

टेस्ट रक्ताने करायची की तुकड्याने

लिक्विड बायोप्सी म्हणजे रक्तात गाठीतून सुटलेले डीएनएचे बारीक तुकडे शोधायचे. सुई छातीत घालायची नाही, म्हणून पेशंटला सोपी. आधी ही करायला हरकत नाही. पण नियम एकच आणि तो पाठ करा, रक्तात सापडलं तर आहे, रक्तात नाही सापडलं तर माहीत नाही. मावशीचं रक्तात "नॉट डिटेक्टेड" आलं आणि घरात सगळे खचले, मावशीचे यजमान म्हणाले बास आता, तिला अजून सुया टोचायच्या नाहीत. मग मावशीच म्हणाली, "टोचू दे रे, तुला नाही टोचत आहेत ना." परत बायोप्सी झाली आणि त्यात टी790एम निघालं. रक्ताला खास नळी लागते, आत पेशी फुटू नयेत म्हणून द्रव असतो, साध्या नळीत घेऊन दोन दिवस कुरिअरमध्ये राहिलं तर पेशी फुटून त्यांचा डीएनए मिसळतो आणि गाठीचा एवढासा सिग्नल बुडतो. रक्त घेणाऱ्याला नळी कुठली आहे हे बिनधास्त विचारा.

आता रिपोर्ट हातात आला की सगळ्यात आधी म्युटेशनच्या ओळीकडे धावू नका, वरून वाचा. सॅम्पल कुठलं, कुठल्या तारखेचं? खूपदा नवीन रिपोर्ट असतो पण टेस्ट जुन्याच ब्लॉकवर झालेली असते, त्यातून नवीन रेझिस्टन्स कळणार कसा? जुना ब्लॉक लागतो तो तुलनेला आणि पहिल्या वेळी न केलेल्या टेस्टना. मग ट्यूमर कंटेंट किती टक्के ते बघा, म्हणजे त्या कापात कॅन्सरच्या पेशी किती आणि साध्या किती. 20 टक्क्यांच्या खाली बऱ्याच लॅब कुरकुरतात, 5 टक्के असेल आणि खाली "नॉट डिटेक्टेड" लिहिलं असेल तर त्या नकारावर विसंबता येत नाही. "इनॲडिक्वेट" म्हणजे टेस्ट झालीच नाही, ते निगेटिव्ह नव्हे, या दोन्हींची गल्लत करून पेशंट सरळ किमोवर गेलेले मी बघितलेत.

मग व्हीएएफ नावाचा आकडा. मशिनने ती जागा 100 वेळा वाचली तर किती वाचनांत बदल दिसला, तेवढे टक्के. मूळचं म्युटेशन 40 टक्के आणि टी790एम 6 टक्के असं असेल तर गाठीच्या एका भागातच नवीन जात आलीय असा अंदाज करता येतो, पण हा आकडा सॅम्पलवरही अवलंबून असतो, त्यामुळे आकडा छोटा म्हणून आजार छोटा असं नाही. व्हीयूएस लिहिलेलं असेल तर बदल दिसला पण त्याचा अर्थ अजून कोणालाच माहीत नाही, त्यावर औषध ठरवत नाहीत, रात्री दोनला उठून गूगल करू नका. टियर 1 (ज्यावर औषध ठरवता येतं असा बदल) लिहिलंय ते कामाचं.

घाईबद्दल एक. लंग कॅन्सरमध्ये ईजीएफआरचा रिपोर्ट यायच्या आधीच इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध) सुरू करू का असं कोणी म्हणालं तर आठ-दहा दिवस थांबता येईल का हे नक्की विचारा. म्युटेशनवाल्यांत ती एकटी कमीच लागू पडते, आणि तिच्या मागोमाग ऑसिमर्टिनिब दिलं तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो.

बाकीच्या कॅन्सरचं थोडक्यात. ब्रेस्टमध्ये आजार परत आला तर ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर2 (वाढीचं प्रोटीन) या टेस्ट परत करून घ्या, कधी कधी बदललेलं निघतं, हर2 आयएचसीत 2+ आलं तर फिश केल्याशिवाय निर्णय नाही, आणि लेट्रोझोलसारख्या गोळ्यांवर असताना वाढलं तर ईएसआर1 या जीनमधल्या बदलाबद्दल विचारा. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये 9 आणि 22 नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होऊन एकच बटण अडकतं, म्हणून 2001 पासून इमॅटिनिबने माणसं वर्षानुवर्षं छान जगतात, तिथे पीसीआरचा आकडा (रक्तात तो बिघडलेला जीन किती उरलाय) वाढला तर आधी डोस चुकले का ते प्रामाणिकपणे सांगायचं आणि मग टी315आय हे रेझिस्टन्सचं म्युटेशन तपासायचं.

तोंडाचा कॅन्सर मात्र वेगळा, आणि इथे मला पोटतिडकीने सांगायचंय कारण आमच्या बेंचवर तोच सगळ्यात जास्त यायचा. आपल्या मध्य प्रदेशाने 2012 ला देशात सगळ्यात आधी गुटख्यावर बंदी आणली आणि तरी पान मसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत असं चालूच आहे. या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा बटण अडकलेलं नसतं, ऑटो कटच गेलेला असतो, पी53, सीडीकेएन2ए असे थांबवणारे जीन. अडकलेलं बटण औषधाने दाबून बंद करता येतं, पण जो भाग गळूनच पडलाय तो गोळीने परत कसा बसवणार? म्हणून सुरुवातीलाच कोणी पन्नास-साठ हजारांचं, एकदम अनेक जीन तपासणारं मोठं पॅनल करा म्हणालं तर माझं मत, तो पैसा वेळेवर ऑपरेशन आणि रेडिएशनला ठेवा, आणि पॅनलने पहिली ट्रीटमेंट बदलणार आहे का हे डॉक्टरांना सरळ विचारा. लंगमध्ये ईजीएफआर, एएलके, आरओएस1 या जीनच्या टेस्टवर मी दागिना मोडून खर्च करा म्हणेन, तोंडात सुरुवातीलाच नाही.

डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या, आत गेलं की सुचत नाही. सगळीकडे वाढलंय की एकाच जागी? परत बायोप्सी शक्य आहे का, कुठून सोपी? रक्ताची आधी करायची का, आणि निगेटिव्ह आली तर पुढे काय? रिपोर्ट येईपर्यंत आत्ताची गोळी चालू ठेवायची ना? सहसा डॉक्टरांना राग येत नाही, उलट कागद बघून ते दोन मिनिटं जास्त देतात, हा माझा अनुभव.

मावशी ऑसिमर्टिनिबवर 22 महिने होती. त्यातले दोन गणपती तिने स्वतः बसवले, मोदक मात्र मला करायला लावले आणि पाकळ्या मोजल्या.

काल रात्री रामबागेतल्या काकांचा परत फोन आला. ब्लॉक सापडला, हॉस्पिटलच्याच स्टोअरमध्ये होता, नंबर जुळतोय, पावती घेतलीय. पुढच्या मंगळवारी सुनेची परत बायोप्सी आहे. मी त्यांना म्हटलं, काका, ब्लॉक टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून छोट्या स्टीलच्या डबीत ठेवा, वर बायोप्सी नंबर आणि तारीख लिहून चिकटवा, देवघरातल्या दिव्यापासून लांब आतल्या खोलीच्या कपाटात ठेवा, आणि दोन्ही मुलांना जागा दाखवून ठेवा.